हरवलेल्या झोताचा माग

१/७ दोन क्वार्क किंवा ग्लुऑन जोराने आदळले, की ते परस्परविरुद्ध दिशांना फेकले जातात. एकटा क्वार्क कधीच दिसत नाही. यंत्रात पोहोचतो तो कणांचा अरुंद झोत, म्हणजे ‘जेट’. एक झोत दिसला, की समोर दुसरा हवाच. तो हरवला तर? ही त्या प्रश्नाची हकिकत.

२/७ १९८२. अमेरिकेतील फर्मीलॅबमध्ये जेम्स ब्योर्कन यांनी एक टिपण लिहिले. अतितप्त अवस्थेत प्रोटॉन-न्यूट्रॉन विरघळून क्वार्क-ग्लुऑनांचा प्लाझ्मा झाला, तर त्यातून जाणारा क्वार्क धक्के खात ऊर्जा गमावेल आणि झोत विझेल, असा त्यांचा तर्क. हे टिपण नियतकालिकात कधीच छापले गेले नाही. शिवाय केवळ धक्क्यांनी होणारा व्यय अल्पच, असे पुढे आढळले.

३/७ १९९० च्या दशकात ग्युलासी व वांग यांनी लक्ष वेधले ते किरणोत्सर्जनाकडे: धक्का बसलेला क्वार्क ग्लुऑन उत्सर्जित करतो. बायर, डॉक्शिट्झर, म्युलर व सहकाऱ्यांनी दाखवले, की हा व्यय जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. वाट दुप्पट, तर हानी चौपट!

४/७ २००० साली ब्रुकहेवन येथे ‘रिक’ हा त्वरक सुरू झाला. सोन्याची अणुकेंद्रे समोरासमोर आदळू लागली. जानेवारी २००२ मध्ये फिनिक्स गटाने तीव्र ऊर्जेच्या कणांची तूट प्रसिद्ध केली. पुढे अधिक ऊर्जेला असे कण अपेक्षेच्या सुमारे एक-पंचमांशच भरले. स्टार गटाला तर समोरचा झोतच सापडेना.

५/७ तरीही आक्षेप उरला. सोन्याच्या अणुकेंद्रात ग्लुऑनांची मुळातच दाटी असेल, तर जोरदार टकरीच कमी होतील. मग झोत विझला नसून जन्मलाच नाही, असे ठरले असते आणि प्लाझ्माचा पुरावा कोसळला असता.

६/७ उपाय साधा होता. २००३ मध्ये सोन्यावर ड्युटेरॉन, म्हणजे एक प्रोटॉन व एक न्यूट्रॉन, आदळवण्यात आले. सोने तेच, पण तप्त द्रव्याचा मोठा गोळा नाही. दोष सोन्याचा असता, तर तूट कायम राहिली असती. जूनमध्ये चारही प्रयोगगटांनी निकाल मांडले: तूट नाही. समोरचा झोतही जागेवर!

७/७ २०१० मध्ये सर्नच्या एलएचसी त्वरकात शिशाच्या टकरींत एक झोत भरदार, तर समोरचा खंगलेला, असे थेट दिसले. ऊर्जा नष्ट होत नाही. ती मंद कणांत विखुरते. वाचकहो, झोताची तूट २००२ मध्येच छापली गेली होती. तिचा अर्थ मात्र ठरला, तो प्लाझ्मा नसलेल्या टकरीने.