खोडरबराचे दोन आकडे

गेल्या महिन्यात आमच्या उबुंटूने एक विचित्र चाळा सुरू केला. टर्मिनलमध्ये आज्ञा लिहिताना चुकलेलं अक्षर खोडता यायचं, पण ‘कॅट’ चालवून मजकूर लिहायला घेतला की खोडायच्या कळीसरशी ^? उमटायचं. (वहीत राहिलेल्या शब्दासाठी आपण काकपद काढतो, अगदी तसंच!) पासवर्ड टाकताना तर काहीच दिसत नाही. त्यामुळे मध्ये एखादं अक्षर खोडलं की तो नाकारलाच जायचा. नातवाच्या लॉगिनने मात्र सगळं सुरळीत. म्हणजे कळफलक निर्दोष, दोष माझ्या खात्याच्या सेटिंगमध्ये.

याचं मूळ आस्की संकेतात आहे. त्यात ८ हा आकडा एक घर मागे सरकण्याचा, तर १२७ खोडण्याचा. १२७ च का? तेव्हा कागदी पट्टीला भोकं पाडून मजकूर साठवत. पाडलेलं भोक बुजवणार कसं? मग त्या ओळीतली सातही भोकं पाडून टाकायची, की वाचणारं यंत्र ते अक्षर सोडून देई. सातही भोकं म्हणजे १२७. किती साधी युक्ती!

पुढे पडदे आले, पट्ट्या गेल्या, पण आकडे दोन्ही राहिले. डेकच्या १९८३ च्या व्हीटी २२० ची खोडायची कळ १२७ पाठवी, इतर काही टर्मिनलं ८ पाठवीत. लिनक्सने १२७ घेतला. सुरुवातीच्या युनिक्समध्ये तर खोडायला # हे चिन्ह होतं, कारण टेलिटाइपच्या कागदावर छापलेलं पुसणार कुठून?

‘एसटीटीवाय -ए’ विचारल्यावर उत्तरात ‘इरेज = ^एच’ दिसलं. एच आठवं अक्षर, म्हणजे ८. भाच्याने कौतुकाने आपली जुनी ‘.बॅशआरसी’ माझ्या खात्यात आणून ठेवली होती, त्यातली ही ओळ. बॅशला स्वतःला दोन्ही आकडे कळतात, म्हणून आज्ञा लिहिताना काही जाणवत नव्हतं. ओळ काढली, नवीन टर्मिनल उघडलं, झालं.

आता ही फाइल नजरेआड का असते? युनिक्सच्या सुरुवातीच्या दिवसांत ‘.’ आणि ‘..’ या दोन नोंदी यादीत दिसू नयेत म्हणून कुणीतरी टिंबाने सुरू होणारं प्रत्येक नाव वगळलं. तो आळशी आडमार्ग होता, असं रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहिलं. लोकांनी मग सेटिंगच्या फाइली त्या टिंबामागे दडवायला सुरुवात केली. माझ्या खात्यात अशा एकवीस निघाल्या. भाच्याच्या किती, ते अजून मोजतोय...