गाडीतली वीज घरात : जपानची गोष्ट

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास बघणार आहोत. विजेवर चालणारी गाडी दारात उभी आहे. तिच्या बॅटरीत वीज भरलेली आहे. मग ती वीज घरातल्या फ्रिजला, पंख्याला, मिक्सरला का वापरू नये? आणि स्वस्त वेळी भरून महाग वेळी वापरली, तर बिल कमी येईल का?

प्रश्न नवा वाटतो, पण आपल्यापैकी ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना तो तितकासा नवा नाही. १९८७ साली रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘रामायण’ लागायचं. नेमकी त्याच वेळी वीज गेली, की कुणाच्या तरी ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि बारा व्होल्टवर चालणाऱ्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायची. अर्धं गाव त्या एका बॅटरीपुढे बसायचं. हे कुणी पैसे वाचवायला करत नव्हतं. अडलं म्हणून करत होतं. अडलं म्हणून करणं आणि परवडतं म्हणून करणं, हा फरक आज शेवटपर्यंत लक्षात ठेवू या. आपल्या विषयाचा सगळा इतिहास या दोन कारणांच्या मधे हेलकावे खात आला आहे.

ही कल्पना शास्त्रीय पद्धतीने मांडली गेली ती १९९७ साली, अमेरिकेत. डेलावेअर विद्यापीठातले विलेट केम्प्टन आणि त्यांचे सहकारी स्टीव्हन लेटेंड्रे यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. म्हणणं असं, की खासगी गाडी दिवसाचे बहुतेक तास नुसती उभी असते. तिच्यात मोठी बॅटरी असेल, तर उभी असताना ती वीज कंपनीच्या उपयोगी पडू शकते. हिशेब बरोबर होता, पण रस्त्यावर तशा गाड्याच नव्हत्या. कल्पना बरीच वर्षं कागदावरच राहिली.

ती प्रत्यक्ष घरांत उतरली जपानमध्ये. असं का झालं, हे समजून घ्यायला आणखी शंभर वर्षं मागं जावं लागेल.

१८९० च्या दशकात टोकियोच्या वीज कंपनीने जर्मनीहून जनित्रं मागवली, ती ५० हर्ट्झची होती. ओसाकाच्या कंपनीने अमेरिकेहून मागवली, ती ६० हर्ट्झची. त्या वेळी कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. शहरं वेगळी, कंपन्या वेगळ्या. पण पुढे दोन्हीकडे जाळं पसरत गेलं आणि एका देशात दोन प्रकारची वीज कायम झाली. पूर्वेची वीज पश्चिमेला थेट देता येत नाही आणि पश्चिमेची पूर्वेला देता येत नाही. मधे रूपांतर करणारी केंद्रं लागतात. २०११ साली या केंद्रांची सगळी मिळून क्षमता होती सुमारे १,००० मेगावॅट. एवढ्या मोठ्या देशात ही फटच म्हणायची.

आणि ११ मार्च २०११ रोजी दुपारी भूकंप झाला. रिश्टर, तीव्रता वगैरे आकडे आपण वर्तमानपत्रांत वाचलेले आहेत. ९.० चा भूकंप, मागून त्सुनामी, मग फुकुशिमाचा अणुअपघात. आपल्या विषयापुरतं बघायचं तर टोकियो भागात १४ मार्चपासून भारनियमन सुरू झालं. भाग पाडून, पाळीपाळीने, साधारण तीन-तीन तास. ‘लोडशेडिंग’ हा शब्द आपल्याला सांगायला नको, पण टोकियोच्या माणसाला तो अनुभव नवा होता. पश्चिमेकडे वीज होती, पण ती पुरेशी इकडे आणता येत नव्हती. शंभर वर्षांपूर्वीची जनित्रांची खरेदी अशी अंगावर आली.

भूकंपग्रस्त भागात दुसरीच अडचण झाली. तिथे पेट्रोल मिळेना. तेलशुद्धीकरणाचे कारखाने आणि बंदरं बंद, रस्ते उखडलेले. पंपांवर लांबच लांब रांगा. त्या मानाने वीज बऱ्याच ठिकाणी लवकर परत आली. मग मित्सुबिशी आणि निसान या कंपन्यांनी आपल्या विजेच्या गाड्या तिकडे पाठवल्या. डॉक्टर, मदत कार्यकर्ते, नगरपालिकेचे लोक त्यांतून फिरले.

इथे एक गंमत, खरं तर खंत, पुढे आली. ज्या वस्तीत वीज नाही तिथे गाडी उभी आहे, तिच्या पोटात घराला दिवसभर पुरेल एवढी वीज आहे, आणि ती बाहेर काढायची सोय नाही! चार्जिंगचं तोंड फक्त आत घेणारं. उलट टोयोटाच्या एस्टिमा या हायब्रिड गाडीत १०० व्होल्टचं, १,५०० वॅटपर्यंतचं सॉकेट आधीपासून होतं. ते लोकांच्या फार उपयोगी पडलं. भात शिजवायला, फोन भरायला, हीटर लावायला.

कंपन्यांनी धडा लगेच घेतला. ऑगस्ट २०११ मध्येच निसानने लीफ गाडीतून घराला वीज देण्याचं प्रात्यक्षिक दाखवलं. २०१२ मध्ये मित्सुबिशीने आपल्या छोट्या गाडीसाठी १,५०० वॅट देणारी पेटी बाजारात आणली. आणि मे २०१२ च्या अखेरीस निसानने निचिकॉन कंपनीचं यंत्र घेऊन ‘लीफ टू होम’ ही योजना जाहीर केली. गाडीची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या भाषेत २४ युनिटची. यंत्र एका वेळी ६ किलोवॅट देणार. सामान्य जपानी घराला साधारण दोन दिवस पुरेल एवढी वीज. गाडीला जोडणारा प्लग ‘चाडेमो’ पद्धतीचा होता. या नावात एक श्लेष आहे. जपानीत त्याचा ध्वनी ‘चहा घेणार का?’ असा लागतो. गाडी चार्ज होईपर्यंत चहा घ्या!

आता कुणी विचारेल, यंत्र कशाला हवं, नुसती वायर का नाही? कारण बॅटरीची वीज एकदिश, साधारण साडेतीनशे-चारशे व्होल्टची. घराला लागते प्रत्यावर्ती, जपानमध्ये १०० व्होल्टची. ती बदलायला इन्व्हर्टर हवा. शिवाय बाहेरची लाइन गेलेली असताना घरातली वीज उलटी खांबावर जाता कामा नये. लाइन बंद आहे असं समजून वर चढलेल्या वायरमनचा त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून घर बाहेरच्या लाइनपासून तोडणारी व्यवस्था लागते. हे यंत्र स्वस्त नव्हतं. सरकारी अनुदान वजा जाऊनही बसवण्याचा खर्च तीन लाख येनांच्या पुढेच होता.

एवढा खर्च फक्त पुढच्या भूकंपासाठी कोण करेल? म्हणून जाहिरातीत दुसरं कारण पुढे आलं, बिल वाचवा. जपानमध्ये रात्रीचा खास दर होता, दिवसाच्या निम्म्याहूनही कमी. रात्री गाडी भरा, दिवसा घर चालवा.

हिशेब करून बघू. समजा, रात्रीचा दर १२ येन आणि दिवसाचा २८. भरताना आणि काढताना काही वीज वाया जाते. १० युनिट भरली तर ८ हाती लागतात असं धरू. म्हणजे १२० येन खर्चून २२४ येनांची वीज वाचली. दिवसाला शंभरेक येन सुटले, वर्षाला अडतीस हजारांच्या आसपास. यंत्राचे पैसे वसूल व्हायला आठ-नऊ वर्षं. तेही गाडी रोज दिवसा घरीच असेल तर! बॅटरीची झीज अजून धरलेलीच नाही.

पण खरा मुद्दा पुढे आहे. रात्रीची वीज स्वस्त का होती? जपानची अणुकेंद्रं रात्रंदिवस एकाच जोराने चालायची. २०११ पूर्वी देशाची तीसेक टक्के वीज त्यांच्याकडून यायची. रात्री मागणी नाही, केंद्र मात्र थांबत नाही. म्हणून उरलेली वीज स्वस्तात. आता तारखा बघा. ५ मे २०१२ रोजी होक्काइडोतली तोमारी येथील शेवटची चालू अणुभट्टी बंद झाली आणि ४२ वर्षांत प्रथमच जपानमध्ये अणुवीज शून्यावर आली. त्याच महिन्याच्या अखेरीस ‘लीफ टू होम’ आलं. म्हणजे ज्या अपघाताने या यंत्राची गरज निर्माण केली, त्याच अपघाताने स्वस्त रात्रीचा पायाही काढून घेतला. त्या सप्टेंबरात टोकियोचे घरगुती दर सरासरी साडेआठ टक्क्यांनी वाढले. २०१६ साली तिथल्या कंपनीने जुन्या रात्रीच्या योजना नव्या ग्राहकांना देणं बंद केलं.

मग हे सगळं संपलं का? नाही. कारण बदललं. नोव्हेंबर २००९ पासून जपान सरकारने घराच्या छपरावरची जास्तीची सौरवीज युनिटमागे ४८ येनांनी, दहा वर्षांच्या हमीने विकत घेतली होती. नोव्हेंबर २०१९ पासून पहिल्या घरांची ती मुदत संपू लागली आणि भाव आला आठेक येनांवर. आठ येनांना विकण्यापेक्षा गाडीत साठवून संध्याकाळी वापरणं केव्हाही बरं. सात वर्षांपूर्वी गाडी रात्री भरायची होती, आता ती दुपारी भरायची झाली. बॅटरी तशीच होती, दरपत्रक बदललं.

त्याच वर्षी, ९ सप्टेंबर २०१९ ला, चिबा प्रांतात वादळ आलं. नऊ लाखांहून जास्त घरांची वीज गेली, काही गावांत ती दोन आठवड्यांहून जास्त आली नाही. ऐन उकाड्यात गाड्यांनी सभागृहांतले पंखे, फ्रिज, फोन चालवले. त्या दिवसांत युनिटचा भाव कुणी विचारला नाही.

आता आपल्याकडे या. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं. रायगड-रत्नागिरीच्या कित्येक गावांनी अंधारात काढलेले दिवस आपल्याला आठवत असतील. २०२३ पासून आपल्या बाजारातल्या काही गाड्यांत, उदाहरणार्थ ह्युंदाईच्या आयॉनिक ५ आणि टाटांच्या नव्या नेक्सॉन ईव्हीत, बाहेरची उपकरणं चालवण्याची सोय आली आहे. मात्र गाडीला मिक्सर जोडणं आणि गाडी अख्ख्या घराला जोडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी घरच्या घरी जुगाड करून करू नये. वायरमनचं मघाशी सांगितलंच.

आणि स्वस्ताईचं? १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या स्मार्ट मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेतल्या विजेवर सवलत आहे. कारण तेच, दुपारचं ऊन. पण नोकरदाराची गाडी त्या वेळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये असते. आणि चाळीत राहणाऱ्याला, चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूला स्वतःच्या मीटरजवळ गाडी उभी करायला जागाच कुठे आहे? स्वस्त वीज आधी त्याला मिळते ज्याच्याकडे अंगण आहे.

तेव्हा मंडळी, या इतिहासातून आम्ही एवढंच घेतो. बॅटरी वीज निर्माण करत नाही, ती फक्त विजेची वेळ बदलते. वेळ बदलून पैसे किती सुटतील, हे गाडीच्या कारखान्यात ठरत नाही, वीज आयोगाच्या सुनावणीत ठरतं. म्हणून गाडी घेताना शोरूममधला हिशेब ऐका, पण त्यातला दर आणखी आठ वर्षं तसाच राहील असं धरू नका. ट्रॅक्टरची बॅटरी टीव्हीला जोडणाऱ्यांना दराचं कोडं नव्हतं. त्यांची गरज खरी होती आणि तेवढीच त्यांनी भागवली. अडल्या वेळी उपयोगी पडणारी सोय म्हणून गाडीकडे बघितलं, तर ती सहसा निराश करणार नाही. वर बिलात काही वाचलं, तर चांगलंच.

इथे थांबतो. प्रश्न जरूर विचारा.