सुके, सोया वडीचे

मटणाच्या सुक्याचा मसाला लावून परतलेली सोया वडी. पावात किंवा ब्रेडच्या स्लाइसमध्ये भरण्यासाठी केलेला कोरडा प्रकार. नेसरी (ता. गडहिंग्लज, जि. कोल्हापूर) भागात तांबडा-पांढरा रस्सा शिजवणाऱ्या घरातही एखादा माळकरी असतो आणि श्रावण तर पुष्कळ घरे पाळतात. मटणाला पर्याय लागतो तो इथे.

अशी नक्कल मराठी स्वयंपाकाला नवी नाही. जुन्नर-ओतूरकडची मासवडी बेसनाच्या पारीत तीळ-खोबऱ्याचे सारण भरून माशाच्या तुकडीसारखी कापतात. कोवळ्या फणसाची भाजी मटणाच्या मसाल्यात करतात, तीही झकास लागते. फणसाचे तंतू मांसासारखे सुटतात, पण त्यात प्रथिने अगदीच थोडी. शिवाय कोवळा फणस मिळतो होळीच्या आगेमागे आणि श्रावणात त्याचा पत्ता नसतो. वडीला हंगाम नाही.

सोयाबीन आहारात आणण्याचा खटाटोप महाराष्ट्रात जुना आहे. १९३५ साली वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींनी सोयाबीनच्या जेवणाचा प्रयोग केला व ‘हरिजन’मध्ये त्याविषयी लिहिले. आज गडहिंग्लज तालुक्यात खरिपाला सोयाबीन घेतात. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून आलेली ‘फुले संगम’ (केडीएस ७२६) ही जात या बाजूच्या शेतकऱ्याला परकी नाही. तरी पोत्यांनी सोयाबीन विकणारे घर वडी मात्र दुकानातूनच आणते. तेल काढून घेतलेल्या सोया पिठाला यंत्रात उष्णता व दाब देऊन बारीक तोंडातून बाहेर सोडतात. दाब एकदम सुटला की पीठ फुगते, थराथरांची जाळी पडते. हे काम घरच्या चुलीवर होत नाही. सुक्या वडीत निम्म्याच्या आसपास प्रथिने असतात, स्निग्धांश नावापुरता.

घरच्या सोयाबीनचेच काही करायचे तर दाणे रात्रभर भिजवून, वाटून, दूध गाळून ते चांगले उकळावे (कच्च्या सोयाबीनमधले काही घटक पचनात अडथळा आणतात, ते उकळण्याने निकामी होतात) आणि लिंबू पिळून फाडावे. दडपून झालेले पनीर फ्रीजरमध्ये गोठवून पुन्हा वितळू दिले की बर्फाच्या जागी छिद्रे राहतात. ते पिळले की चिवट होते आणि मसाला शोषते. मैद्याचा घट्ट गोळा पाण्यात चोळून धूत राहिल्यासही रबरासारखा चिवट भाग हाती उरतो. कुरडईसाठी आपण गव्हाचा जो चीक जपून ठेवतो तोच इथे धुऊन टाकायचा, म्हणून हा प्रकार जुन्या बायकांना उधळपट्टीचा वाटला तर नवल नाही. खपली गव्हाचे पीठ यासाठी कामाचे नाही. त्याला तेवढी ओढ नसते.

वडीचे सुके करताना खरी मेहनत पिळण्यात आहे. १०० ग्रॅम वड्या मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात ८-१० मिनिटे ठेवाव्यात, मग गार पाण्यात दोन-तीनदा धुऊन मुठीत घट्ट दाबाव्यात. पहिल्या पिळणीचे पाणी गढूळ, फेसाळ निघते आणि सोयाबीनचा उग्र वास त्याच्याबरोबरच जातो. पाणी जवळजवळ स्वच्छ येईपर्यंत थांबू नये. नंतर वड्या हाताने तोडाव्यात. सुरीने कापल्यास तुकडे एकसारखे होतात आणि नक्कल उघडी पडते. मिक्सरमध्ये क्षणभर फिरवले तरी चालते, पण जरा जास्त झाले की खिमाही नाही आणि पीठही नाही असे काहीतरी होते.

मटणाची चव म्हणून आपण जे ओळखतो त्यातला मोठा वाटा मसाल्याचा असतो. भाजलेला कांदा, सुके खोबरे, तीळ, आले-लसूण, कोथिंबीर यांचे वाटण आणि वर्षाची कांदा-लसूण चटणी एवढे पुरते. चटणीत रंगाला ब्याडगी, तिखटाला गडहिंग्लजच्या बाजारातली संकेश्वरी जवारी मिरची. वडीला स्वतःची चरबी नसल्याने तेलात हात आखडता घेऊ नये. वाटण तेल सुटेपर्यंत परतावे, मगच वडी घालून मंद आचेवर कडा करड्या होईपर्यंत हलवत राहावे. झाकण ठेवून वाफ काढू नये. वडी पुन्हा लिबलिबीत होते.

कोल्हापूरकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड खाण्याची सवय असल्याने हे सुके त्यातच भरतात. कांद्याच्या चकत्या व लिंबू हवेच. टिक्की थापायची असल्यास भाजलेले बेसन किंवा उकडलेला बटाटा मिसळावा. बटाटा जास्त झाला तर त्याला बटाटावडाच म्हणावे लागेल. डब्यासाठी सुके पूर्ण गार करून ब्रेडपासून वेगळे बांधावे. ओले खोबरे घातले असेल तर उन्हाळ्यात ते रात्रीपर्यंत ठेवू नये.