एका लपविलेल्या दुखण्याचा इतिहास

हे भाषण लागले तेव्हा काही घरांत रेडिओचा आवाज बारीक झाला असेल. त्यात गैर काही नाही. आता पुस्तिका हाती आहे, एकांतात वाचा. विषय आहे पुरुषाच्या नपुंसकत्वाचा, म्हणजे इच्छा असूनही शिश्नाला ताठरता न येण्याचा. आणि त्यावर रोग्याने आपल्याच हाताने टोचून घ्यावयाच्या सुईचा. मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. पण इतिहास काय फक्त लढायांचा आणि तहांचाच असतो? माणसाने कोणते दुखणे कोणापासून लपविले, हाही इतिहासच की.

आपले पूर्वज या बाबतीत आपल्यापेक्षा मोकळे होते. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनानंतर लगेच वाजीकरणाचा अध्याय येतो. पुढे त्याच स्थानात क्लैब्याची, म्हणजे नपुंसकत्वाची, चार कारणे दिली आहेत: बीजाचा बिघाड, इंद्रियाचा बिघाड, म्हातारपण आणि शुक्राचा क्षय. पाप, शाप, करणी यांचे नाव त्या यादीत नाही. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथे युनानीला राजाश्रय होता. हकीम या दुखण्याला ‘जोफ-ए-बाह’ म्हणत. लोकांच्या तोंडी ‘मर्दाना कमजोरी’ राहिले, आणि नांदेड-लातूरच्या बोलीत ते अजून आहे. भिंतीवर तेच रंगविलेले असते, जत्रेतल्या जडीबुटीवाल्याच्या तोंडीही तेच.

दुखण्याला नाव होते, मग लाज कुठून आली? मला वाटते, दुखणे शरीराचे न समजता मर्दुमकीचे समजले गेले, तिथे घोळ झाला. मूल झाले नाही की बोट बाईकडे. तिच्या ओट्या बंद, बारशाला तिला बोलावणे नाही, नवऱ्याला दुसरी करण्याचा सल्ला. आणि नवरा? त्याला खरे ठाऊक असते, पण तो गप्प बसतो. किती बायका अशा दुसऱ्याच्या दुखण्यापायी माहेरी परतल्या असतील, त्याची नोंद कुठल्या दप्तरात सापडायची?

हे मौन मोडण्याचा प्रयत्न मराठीत एका गणिताच्या प्राध्यापकाने केला. महर्षी कर्व्यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै 1927 मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. लैंगिक विषयांवरच्या वाचकांच्या शंकांना ते त्यात आडपडदा न ठेवता उत्तरे देत. त्या उत्तरांवरूनच 1934 साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. खटला ते हरले आणि कर्व्यांना दंड झाला. मासिक मात्र 1953 पर्यंत, म्हणजे कर्वे वारले त्या वर्षापर्यंत, निघत राहिले. शिक्षक मंडळींनी हे ध्यानात ठेवावे, कारण गावात असा प्रश्न घेऊन माणूस आला तर तो अजूनही पुष्कळदा गुरुजींकडेच येतो, आणि तोही ‘एका मित्राचं आहे’ म्हणून.

आता सुईकडे येऊ. 1889 मध्ये पॅरिसला ब्राऊन-सेकार नावाच्या, सत्तरी ओलांडलेल्या नामांकित शास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि तारुण्य परत आल्याचे जाहीर केले. तो भ्रमच होता, पण त्या भ्रमावर पुढे कित्येकांनी दुकाने थाटली. खरी सुई यायला आणखी जवळजवळ शंभर वर्षे लागली. मध्यंतरी जाणती माणसेही हे दुखणे बहुतांशी मनाचेच आहे, असे मानू लागली होती.

ज्या 1982 साली तेव्हाच्या उस्मानाबादेतून आपला लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच साली पॅरिसच्या रोनाल्ड विराग या शल्यवैद्याने ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात लिहिले की, पॅपाव्हरिन हे औषध शिश्नात टोचले असता ताठरता येते. पॅपाव्हरिन 1848 पासून ठाऊक होते, ते अफूच्या बोंडातून निघते. (म्हणून कोणी खसखस खाऊन पाहू नये, तिच्यात हा गुण नाही.) ते रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल करते. शिश्नात स्पंजासारख्या दोन नळ्या असतात. स्नायू सैल झाले की त्यांत रक्त भरते आणि कोंडून राहते. पाटाचे दार उघडले की वाफ्यात पाणी शिरावे, तसाच हा प्रकार.

पुढल्याच वर्षी इंग्लंडचे शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली अमेरिकेत लास व्हेगासला मूत्ररोगतज्ज्ञांच्या परिषदेत बोलायला उभे राहिले. निघण्यापूर्वी हॉटेलच्या खोलीत त्यांनी स्वतःला सुई टोचून घेतली होती. भाषणाच्या ओघात त्यांनी पाटलोण खाली केली आणि पुरावाच सभेपुढे ठेवला! सभागृहात बायकाही बसलेल्या होत्या. प्रकार सभ्यतेला धरून नव्हता, हे मीही म्हणेन. पण व्याख्यान देताना कोणाच्या मनात कामवासना असते? मनाचा हात नसतानाही केवळ औषधाने हे घडते, एवढे त्या दिवशी सिद्ध झाले.

मग ही सुई रोग्याच्या हाती आली. मधुमेही माणूस 1922 नंतर इन्सुलिन घरी टोचून घ्यायला शिकला होताच, तीच वाट इथे उपयोगी पडली. 1995 मध्ये अल्प्रोस्टाडिल या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि 1998 मध्ये सिल्डेनाफिलची गोळी आल्यावर सुई मागे पडली. तरी ती गेलेली नाही. गोळी लागू पडत नाही, किंवा हृदयविकारासाठी नायट्रेटची औषधे चालू असल्याने गोळी घेताच येत नाही, अशांपैकी काहींना डॉक्टर आजही ती देतात. पहिली मात्रा डॉक्टरांसमोरच घ्यायची. सुई कुठे आणि किती टोचायची हे त्यांच्याकडून शिकायचे. ताठरता चार तासांवर टिकली तर लाज गुंडाळून तडक दवाखाना गाठायचा, नाहीतर इंद्रिय कायमचे निकामी होऊ शकते.

अशा ‘ताकदी’च्या औषधांच्या जाहिरातींना आपल्याकडे 1954 च्या कायद्याने बंदी आहे. हमदर्द दवाखान्याने त्याविरुद्ध दाद मागितली तेव्हा 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा काही भाग रद्द केला, पण मूळ बंदी राहिली. कायदा इतका जुना, आणि भिंतीवरचा रंग ताजा! तंबूतल्या पुडीवर बैल विकून पैसा घालणाऱ्याला हे कोणी सांगत नाही की, शिश्नाच्या रक्तवाहिन्या बारीक असतात, म्हणून मधुमेहाची नि हृदयविकाराची चाहूल काही वेळा तिथेच आधी लागते. नांदेडला किंवा लातूरला सरकारी दवाखान्यात गेलात तर डॉक्टर आधी सुई काढणार नाहीत, गोळीही नाही. ते विचारतील, रक्तातली साखर कधी तपासली होती?