धाब्यावरचा नाच

हायवेवरचा धाबा नव्हे, मंडळी. मराठवाड्यात, खानदेशात जुन्या घरांना मातीचं सपाट छप्पर असतं ते धाबं. खाली लाकडं, त्यावर काटक्या, वर मातीचा जाड थर. कुठे त्यालाच माळवद म्हणतात. पावसाळ्याआधी ती माती नीट दाबली नाही की जुलैत घरातच धार लागते. असंच छप्पर पॅलेस्टाईन, लेबनॉन, सीरिया, जॉर्डनच्या खेड्यांतही असायचं. आणि तिथले लोक सांगतात की त्यांचा सगळ्यात लाडका नाच त्या छपरावरच जन्मला.

नाचाचं नाव दबके. अरबीत या शब्दाचा संबंध पाय आपटण्याशी आहे. गोष्ट अशी, की पाऊस सुरू व्हायच्या आधी (तिकडे तो हिवाळ्यात पडतो) छपराची माती भेगाळलेली असायची. घरमालक हाक मारायचा, शेजारीपाजारी वर चढायचे, हात धरून रांग करायचे आणि तालात माती तुडवायचे. अशा एकमेकांच्या मदतीला तिकडे 'औने' म्हणतात. आपल्याकडे इर्जिक घालतात, तेच.

गोष्ट छान आहे. मला तर जरा जास्तच छान वाटते. कारण त्याच भागात छप्पर दाबायला दगडी रूळही वापरत, लोटत न्यायचा. रूळ हाताशी असताना दहा-वीस माणसांनी पाय कशाला आपटायचे? शिवाय हात धरून रांगेत नाचणं ग्रीकांत आहे, तुर्कांत आहे, कुर्दांत आहे. सगळ्यांचीच छपरं गळत होती असं थोडंच आहे! माझा आपला अंदाज असा, की नाच आधीचा असावा आणि छपराचं काम हे त्याला मिळालेलं एक निमित्त. पण मग हीच गोष्ट इतकी घट्ट का धरून ठेवली असेल? त्याचं उत्तर बहुधा 1948 मध्ये आहे. त्या युद्धात सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी बेघर झाले, चारशेहून जास्त गावं ओस पडली. ज्याचं छप्परच गेलं, तो छपराची गोष्ट सांगणारच.

शिकागोजवळ ब्रिजव्ह्यू नावाचं उपनगर आहे, पॅलेस्टिनी वस्ती मोठी. प्रोजेक्टवर असताना तिथल्या एका हॉलमध्ये रविवारी मी दबके शिकायला जायचो. शिकवणारे गृहस्थ साठीचे, सगळे त्यांना 'अम्मो' म्हणायचे, म्हणजे काका. नेहमीच्या पावलात सहा मात्रा असतात आणि गाणं चालतं चार-चारच्या हिशोबात. म्हणजे पाऊल आणि गाणं पुन्हा एकत्र येणार बाराव्या मात्रेनंतर. सातवीतला लसावि हो! हे मी अम्मोंना उत्साहाने सांगितलं तर ते म्हणाले, मोजू नकोस, शेजाऱ्याचा खांदा बघ. आणि खरंच, खांद्याला खांदा लागला की पाय आपोआप पडतात. रांगेच्या उजव्या टोकाला असतो तो म्होरक्या, 'लव्वीह'. हातातली जपमाळ किंवा रुमाल फिरवत तो मनाला येईल तशी करामत करतो, बाकीच्यांनी रांग सांभाळायची. सोबतीला मिजविझ, म्हणजे दोन नळ्यांचं बोरूचं वाद्य. गाल फुगवून, श्वास न तोडता वाजवतात, अगदी आपल्या पुंगीसारखं.

असो, इतिहासाकडे वळू. दबके रंगमंचावर आला तेव्हापासून भांडणं सुरू झाली. ज्यू लोकनृत्यकारांनी 1944 मध्ये दालिया किबुत्झवर पहिला मोठा नृत्यमहोत्सव भरवला. अरब खेड्यांतली पावलं घेऊन त्यांनी स्वतःचे 'देबका' नाच बसवले, आणि पुढे ते इस्रायली लोकनृत्य म्हणून जगभर गेले. लेबनॉनमध्ये 1957 च्या बालबेक महोत्सवात दबकेला सोव्हिएत पद्धतीची शिस्त लागली : सारख्या उड्या, सारखे कपडे. 1967 नंतर वेस्ट बँक इस्रायलच्या ताब्यात गेली. तिथे अल-बिरे गावात 1979 मध्ये 'अल-फुनून' हा संच उभा राहिला. या पोरापोरींनी म्हाताऱ्यांकडून गाणी-पावलं गोळा केली. 1986 चा त्यांचा 'मिशाल' हा प्रयोग ऑटोमन सैन्यभरती चुकवणाऱ्या तरुणाच्या लोककथेवर होता. 1987 मध्ये पहिला इंतिफादा पेटला आणि यांच्यातल्या काहींना अटका झाल्या. नाचाच्या संचाला सरकार घाबरतं, तेव्हा प्रकरण नुसत्या नाचाचं उरलेलं नसतं.

युनेस्कोने डिसेंबर 2023 मध्ये पॅलेस्टाईनच्या नावाने दबकेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. गाझात तेव्हा युद्धाचा तिसरा महिना चालू होता, घरं रोज पडत होती.

आमच्या हॉलमध्ये वाद वेगळाच असायचा. तरुण पोरांना व्हिडिओतल्या उंच उड्या हव्या असत. अम्मोंचं म्हणणं, लग्नात आजोबा आणि नातू एका रांगेत नाचतात, मग आजोबांना उडी जमणार आहे का? मी अम्मोंच्या बाजूचा. मात्र उड्यांमुळेच निम्मी पोरं रविवारी झोप मोडून येत होती, हेही तितकंच खरं.

तुम्हाला कधी अशा लग्नाचं बोलावणं आलं तर जरूर जा. फक्त रांगेत मधे घुसू नका, डावीकडच्या टोकाला जाऊन जोडून घ्या. शेजारचा हात पुढे करतोच.