कुत्रा पंजे का चाटतो?

संध्याकाळी फिरून आल्यावर घरातील कुत्रा कोपऱ्यात बसून पुढचा पंजा चाटू लागतो. सुरुवातीला त्याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही, कारण अंग चाटून स्वच्छ करणे हा श्वानाचा स्वभावधर्मच आहे. मात्र आठवड्याभरात तोच पंजा लालसर व ओलसर दिसू लागतो, बोटांच्या बेचक्यातून आंबूस वास येतो आणि कुत्रा पाय टेकवायला तयार होत नाही. तोपर्यंत मूळ कारण मागे पडून चाटण्यातूनच नवे दुखणे उभे राहिलेले असते.

पंजाच्या तळाशी चार बोटांच्या चार लहान गाद्या व मध्ये एक मोठी गादी असते. जाड, खरखरीत कातडीखाली चरबीचा थर असल्याने धावताना बसणारे धक्के तेथे झेलले जातात. कुत्र्याच्या घामाच्या ग्रंथीही प्रामुख्याने याच गाद्यांत असतात. घाबरलेल्या कुत्र्याच्या पावलांचे ओले ठसे फरशीवर उमटतात ते त्यामुळेच. बोटांमधील त्वचा मात्र नाजूक असते आणि बहुतेक त्रास तेथूनच सुरू होतो.

कुत्रा एकच पंजा चाटतो की अनेक, हे सर्वांत आधी पाहावे. एकाच पंजाच्या एकाच जागी तो पुनःपुन्हा तोंड घालत असेल तर काटा, काच, जखम किंवा तुटलेले नख असण्याचा संभव अधिक असतो. पुढचे दोन्ही किंवा चारही पंजे चाटत असेल तर वावडे, म्हणजेच ॲलर्जी, किंवा त्वचारोगाचा विचार करावा लागतो.

बीड जिल्ह्यात काट्यांना तोटा नाही. आष्टी-पाटोद्यापासून अंबाजोगाईपर्यंत पसरलेल्या बालाघाटाच्या माळरानावर बाभळीचे काटे आहेत, वाटेच्या कडेला सराटे आहेत आणि पावसाळा सरला की वाळलेल्या गवताचे कुसळ आहे. यात सर्वांत घातक कुसळच. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ आपल्याला लगेच दिसते असे म्हणतात, पण कुत्र्याच्या बोटांत शिरलेले मात्र सहसा दिसत नाही. त्याचे टोक अणकुचीदार असते आणि त्यावरील ताठ केस मागच्या दिशेने वळलेले असतात. त्यामुळे ते पुढेच सरकते, मागे येत नाही. वरची जखम भरल्यासारखी वाटते, आत पू साठतो आणि काही दिवसांनी दुसऱ्याच ठिकाणी छिद्र पडून तो वाहू लागतो. अशा वेळी नुसत्या मलमाने काही साधत नाही. आतले कुसळ काढावेच लागते, कधी भूल देऊनही.

गेवराई-माजलगावकडच्या गंगाथडीत अडचण वेगळी. पावसाळ्यात काळी चिकण माती बोटांच्या केसांत अडकते आणि वाळली की तिचे खड्यासारखे कठीण गोळे होतात. कुत्रा चालताना तो खडा दोन्ही बाजूंच्या त्वचेला घासत राहतो. लांब केसांच्या पामेरियनसारख्या कुत्र्यांना हा त्रास अधिक होतो. ऊसतोडीच्या हंगामात बैलगाडीसोबत परमुलखात जाणारा कुत्रा फडातल्या टोकदार बुडख्यांवरून व धारदार पाचटावरून वावरतो. त्याच्या गाद्यांना पडलेल्या चिरा कोणी पाहत नाही. शहरातील वाचकाने निदान आपल्या घरच्या कुत्र्याचे पाय तरी रोज पाहावेत.

उन्हाळ्यात येथे पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि डांबरी रस्ता हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून पाहावी. ती ठेववत नसेल, तर त्या रस्त्यावर कुत्र्यालाही चालवू नये. भाजलेल्या गादीला फोड येतात, कातडी सोलवटते आणि कुत्रा ती जागा सतत चाटतो.

आता वावड्याविषयी. परागकण, धुळीतले सूक्ष्म कीटक किंवा एखादे अन्न सोसले नाही, तर माणूस शिंकतो. कुत्र्याला मात्र बहुधा खाज सुटते, आणि ती पंजे, कान, काखा व पोटावर. १९५५ मध्ये पुण्यात प्रथम आढळलेले गाजर गवत आज मराठवाड्यातील रिकाम्या प्लॉटपर्यंत पोहोचले आहे. कुत्रा नेमका तेथेच हुंगत फिरतो. खाज ठरावीक ऋतूतच वाढते का, याची नोंद ठेवल्यास पशुवैद्यकाचे निम्मे काम हलके होते. सतत चाटल्याने त्वचा ओली व उबदार राहते आणि तेथे मॅलासेझिया नावाचे यीस्ट व जीवाणू वाढतात. आंबूस वास त्यांचाच. पांढऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस पडतात ते रक्ताने नव्हे, लाळेतील रंगद्रव्याने.

बोटांच्या बेचक्यात गोचीड लपतात, हेही विसरू नये. त्यांच्यामुळे खाज तर येतेच, शिवाय गोचीड ताप होऊ शकतो. वयस्क कुत्रा दुखरा सांधा चाटतो. दिवसभर बंद घरात एकटा राहणारा कुत्रा केवळ कंटाळ्यानेही चाटत बसतो आणि मनगटाजवळ न भरणारी जाड जखम करून घेतो. परंतु कंटाळ्याचा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. आपल्याकडे तो सर्वांत आधी काढला जातो.

रोजची निगा फार अवघड नाही. फिरून आल्यावर पंजे साध्या पाण्याने धुवावेत आणि बोटांमधील जागा कोरड्या फडक्याने पूर्ण टिपावी. धुऊन ओले सोडणे हे न धुण्यापेक्षा वाईट. बोटांमधले केस कातरावेत, नखे फरशीवर टकटक वाजू लागली की कापावीत. आतल्या बाजूचे अंगठ्याचे नख जमिनीला लागत नसल्याने झिजत नाही आणि वळून मांसात रुतते, तेही पाहावे. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत कुत्र्याला तेथे येऊ देऊ नये. जखमेवर माणसांसाठीचे जंतुनाशक, रॉकेल किंवा हाती येईल ते मलम लावू नये, कारण लावलेले सारे पोटात जाते. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या घरातल्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. त्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

लंगडणे, सूज, पू, रक्त किंवा दोन-तीन दिवस न थांबणारे चाटणे दिसल्यास पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. गाद्या अचानक जाड व कडक झाल्या असतील आणि जोडीला ताप, नाका-डोळ्यांतून स्राव असेल तर तो डिस्टेंपर असू शकतो. लस न दिलेल्या कुत्र्याबाबत अशा वेळी एक दिवसही दवडू नये. पूर्वी चावा बसलेल्या जागी कुत्रा अकस्मात चाटू-चावू लागला आणि त्याचे वागणेही बदलले, तर रेबीजची शंका घेऊन त्याच्या तोंडाजवळ हात नेऊ नये. एरवी दवाखान्यात नेण्यापूर्वी पंजा धुऊ नये व त्यावर काही लावू नये, कारण सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा नमुना त्याच ओलसर त्वचेवरून घ्यायचा असतो. दुखरा पाय धरताच शांत कुत्राही चावू शकतो. तेव्हा तोंडाला बांधायची पट्टी बरोबर ठेवावी.