मगावरची पलटण

बदली झालेल्या अधिकाऱ्याला मेसमध्ये निरोपाचं जेवण द्यायचं आणि पलटणीचं चिन्ह असलेला मग हातात ठेवायचा, ही रीत आपल्या फौजेत अनेकांना ठाऊक आहे. जर्मनीत अशीच रीत साध्या शिपायांची होती आणि ते मगाचे पैसे स्वतः भरत. त्या मगाला ‘रेझर्व्हिस्टेनक्रूग’ म्हणत.

जगभर ‘बिअर स्टाइन’ म्हणून ओळखलं जाणारं भांडं जर्मन माणसासाठी ‘क्रूग’च. जुने क्रूग दगडासारखे कडक भाजलेल्या मातीचे. वेस्टरवाल्ड भागातले विशेष प्रसिद्ध, राखाडी अंगावर कोबाल्टची निळी नक्षी असलेले. भट्टी सुमारे १२०० अंशांवर पोचली की कुंभार आत मीठ टाकत. त्याच्या वाफेने मातीवर काचेसारखा थर बसे. वर कथलाच्या मिश्रधातूचं झाकण आणि अंगठ्याने दाबायचा खटका, म्हणजे मग धरलेल्या हातानेच झाकण उघडता येतं.

शिपायांचा क्रूग मात्र बहुधा पोर्सिलेनचा, अर्ध्या लिटरचा. जर्मन साम्राज्यात लष्करी सेवा सक्तीची होती. १८९३ नंतर पायदळात दोन वर्षं, घोडदळात तीन. सेवा संपली की माणूस घरी जाई आणि त्याचं नाव राखीव दलात लागे. जाण्याआधी तो मग रंगवून घेई. त्यावर स्वतःचं नाव, रेजिमेंट, कंपनी, छावणीचं गाव, सेवेची वर्षं आणि कडेने बरोबरीच्या शिपायांची नावं. काही मगांच्या तळाशी पातळ पोर्सिलेनमध्ये चित्र असे. बिअर संपवून मग उजेडाकडे धरला की ते दिसे. पुष्कळदा त्यात घरी परतणारा शिपाई किंवा प्रेयसीचा निरोप असे.

मग ऑगस्ट १९१४ उजाडला आणि राखीव दलाला बोलावणं आलं. घरी फळीवर मग ठेवून संसाराला लागलेली माणसं पुन्हा गणवेशात गेली. त्याच वर्षी फ्रान्स आणि बेल्जियममध्ये त्यांच्या सैन्यासमोर आपले भारतीय जवानही उभे ठाकले. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या भारतीय स्मारकावर ४,७०० हून अधिक नावं आहेत. ती युद्धानंतर कोरलेली, न परतलेल्यांची. मगावरची नावं युद्धाआधीची, एकत्र कवायत केलेल्या आणि घरी निघालेल्या पोरांची. त्यांतले किती जण वाचले, हे मग सांगत नाही.

सेनापतींची नावं इतिहासात येतातच. एका कंपनीतल्या शिपायांची नावं शंभर वर्षांनंतरही वाचता येतात, कारण कुणीतरी पगारातले पैसे बाजूला काढून ती लिहून घेतली. पुढच्या वेळी पलटणीसाठी मग करायला टाकाल, तेव्हा चिन्हाखाली थोडी जागा सोडा. तिथे नावं घाला. सगळ्यांची.

जय हिंद.